हायड्रोकार्बने : सूक्ष्मजीव आणि इंधनतंत्र (पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा)

केवळ कार्बन व हायड्रोजन यांची बनलेली संयुगे. इंजिन ती क्षणात जाळते. ऑक्सिजनवर जगणारे काही सूक्ष्मजीव तीच संयुगे एंझाइमांच्या साहाय्याने सावकाश मोडतात. अल्केनाचे आधी अल्कोहॉल, मग आल्डिहाइड आणि शेवटी मेदाम्ल होते. मेदाम्लातून पेशीला ऊर्जा मिळते. तेल पचविणाऱ्या जीवाणूवरील आनंदमोहन चक्रवर्ती यांचा पेटंटहक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये मान्य केला.

भोसरी-चाकणच्या मशीनशॉपांत हे जीवाणू न बोलावता येतात. सीएनसी यंत्रांवरील कूलंट बहुधा पाण्यात मिसळलेले खनिज तेल असते. त्यात स्यूडोमोनास वाढून ऑक्सिजन संपवतात. पंप बंद राहिला की सल्फेट-क्षपणक जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी बहुतेक गुरुवारी, म्हणून सडक्या अंड्यांचा वास शुक्रवारी सकाळी येतो. आम्लता वाढते, तेल-पाणी फुटते, सुटे भाग गंजतात. जंतुनाशक ओतणे हा सोपा पण त्वचेला तापदायक उपाय. वर तरंगणारे तेल काढणे आणि कूलंट फिरते ठेवणे अधिक शहाणपणाचे.

डिझेलच्या टाकीत तळाशी पाणी साचल्यास अ‍ॅमॉर्फोथेका रेझिनी ही बुरशी वाढून फिल्टर तुंबवते.

उलट, शेण व ओल्या कचऱ्यापासून मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव इंधन पुरवतात. हा वायू शुद्ध करून दाबाखाली भरला की तो सीएनजीप्रमाणेच वापरता येतो. आकुर्डीच्या बजाज ऑटोने 5 जुलै 2024 रोजी पुण्यात ‘फ्रीडम 125’ ही सीएनजीवर चालणारी मोटारसायकल सादर केली. तिच्यात 2 किलो सीएनजी आणि 2 लिटर पेट्रोल मावते.