तंजावरचे ग्रंथवेडे राजे आणि आपण

सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या मंडळात हस्तकला, छंद आणि वाचन यांना विशेष स्थान मिळाले. त्याचा आढावा वार्षिक अहवालात आला आहेच. येथे त्याची पुनरुक्ती करीत नाही. परंतु या तिन्ही गोष्टींनी एकत्र नांदलेले एक मराठी वर्ष याच तमिळभूमीत दोन शतकांपूर्वी होऊन गेले. त्याची आठवण या प्रसंगी न करणे म्हणजे शेजारच्या घरी लग्न असता आपण दार लावून बसण्यासारखे होईल. ते वर्ष 1805-06, आणि ते घर तंजावरचे.

तंजावरच्या सरफोजीराजांविषयी महाराष्ट्रातील इतिहासग्रंथांत फारसे लिहिलेले आढळत नाही. जे आढळते त्याचा सूर बहुधा असा असतो, की राज्य इंग्रजांच्या स्वाधीन केले आणि राजे पुस्तके वाचीत बसले. हा आक्षेप निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला व त्याचा परिसर, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. कावेरीच्या खोऱ्यात भात पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या घामातूनच हे पैसे येत होते, हेही विसरून चालणार नाही. तथापि नेमणुकीवर जगणारे राजे त्या काळी हिंदुस्थानात पुष्कळ होते. त्यांनी त्या फुरसतीचे काय केले आणि सरफोजींनी काय केले, एवढीच तुलना आम्हांस महत्त्वाची वाटते.

सरफोजींचा जन्म 24 सप्टेंबर 1777 चा. 1787 मध्ये तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले. पण गादीवर बसले अमरसिंह. कोवळ्या सरफोजींचा वाड्यात छळ होऊ लागला, तेव्हा जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या खटपटीने 1793 मध्ये त्यांना मद्रासला आणण्यात आले. येथे वेपेरीचे मिशनरी गेरिके यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. आज वेपेरीवरून बसने जाणाऱ्या आपल्या मुलांना हे ठाऊक असावे. सरफोजींचा मराठी पिंड तंजावरचा खरा, पण त्यांच्या जिज्ञासेस नवे वळण लागले ते याच शहरात, घरापासून दूर, परभाषेतील पुस्तकांच्या सहवासात. 29 जून 1798 रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ निवर्तले होते. गुरूचे ऋण राजांनी फ्लॅक्समन या विख्यात इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेऊन फेडले. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. स्वतः राजांनी धर्म मात्र बदलला नाही.

आता 1805 कडे वळू. त्या साली राजांनी वाड्यात छापखाना घातला आणि त्यास ‘नवविद्याकलानिधी’ असे भारदस्त नाव दिले. पुढच्याच वर्षी, 1806 मध्ये, तेथून ‘बालबोधमुक्तावली’ बाहेर पडली. हा इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद. करणारे सख्खण पंडित. ही घटना किती मोलाची आहे हे कळण्यासाठी त्या वेळी अन्यत्र मराठी मुद्रणाची काय अवस्था होती ते पाहावे. बंगालमधील श्रीरामपूर येथे कॅरे यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये छापून झाले होते. मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांनी त्याच वर्षी तांब्याच्या ठशांवरून गीता छापविली. मुंबईत ‘पंचोपाख्यान’ निघाले ते 1822 मध्ये. म्हणजे मराठी मुलांच्या हाती देण्याजोगे गोष्टींचे छापील पुस्तक पुण्यामुंबईच्या कितीतरी आधी कावेरीकाठी तयार झाले होते. तेही धर्मग्रंथ म्हणून किंवा साहेबाला मराठी शिकविण्यासाठी छापलेले नव्हते. कोल्ह्याकावळ्यांच्या गोष्टी मुलांनी आपल्या भाषेत वाचाव्यात एवढाच त्यामागचा हेतू. आमच्या मते सरफोजींच्या सर्व कर्तबगारीत याहून हृद्य गोष्ट नाही.

राजांचे छंद मोजू लागले तर पान पुरणार नाही. त्यांनी धन्वंतरीमहाल स्थापून तेथे देशी व पाश्चात्त्य औषधांचे प्रयोग चालविले. अनुभवास उतरलेले उपाय ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या तमिळ पद्यग्रंथांत बांधून ठेविले. नेत्ररोग्यांच्या नोंदी, शस्त्रक्रियेची हकीकत आणि रोगट डोळ्यांची रंगीत चित्रे यांचा एक संच सरस्वतीमहालात जपलेला आहे. आमच्या चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांनी त्याचा अभ्यास करून त्याविषयी लिहिले आहे. पशुपक्ष्यांची चित्रे राजांनी आपल्या चित्रकारांकडून काढविली. तंजावरचे रेसिडेंट राहिलेले बेंजामिन टॉरिन यांना भेट दिलेली अशी चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. 1826 च्या वसंतात बिशप हेबर तंजावरास आले, तेव्हा हा राजा लाव्हाझिए, लिनिअस आणि ब्यूफाँ यांचे दाखले सहज देतो हे पाहून ते थक्क झाले. पुढे काही दिवसांतच त्रिचनापल्लीस स्नान करताना हेबर बुडाले, आणि ही हकीकत त्यांच्या मागे राहिलेल्या लेखनातून जगास कळली.

हस्तकलेचे म्हणाल, तर आपल्या मंडळातील भगिनींनी ज्या तंजावरी चित्रांचा ध्यास घेतला, ती कला राजांच्या आश्रयाने विशेष भरास आली. फणसाच्या लाकडाच्या फळीवर कापड चिकटवायचे, त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांचा लेप देऊन तो घोटायचा, दागिने व महिरपी यांना उठाव द्यायचा, मग सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे बसवून शेवटी रंग भरायचे. हा क्रम मूळचा दरबारी कारागिरांचा. त्यांत तेलुगूभाषक राजू व नायडू घराणी प्रमुख होती. मराठी राजा, तेलुगू चितारी, तमिळ गाव आणि चित्रात बहुधा लोणी खाणारा बाळकृष्ण! यापैकी एकास वगळून ही कला कोणा एका प्रांताची म्हणता येणार नाही. (सांबार संभाजीराजांच्या नावावरून आले किंवा कसे, या वादात आम्ही पडत नाही, जेवणाच्या पंगतीत तो दरवर्षी रंगतोच.)

मिश्रणाचा असाच एक नमुना म्हणजे राजांच्या नावावरील ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक. कुरवंजी हा अस्सल तमिळ प्रकार. त्यात डोंगरातली कुरव जातीची स्त्री नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते आणि ओघाने आपला मुलूख वर्णन करते. राजांनी ही चौकट उचलली, पण वर्णनास मुलूख दिला तो अवघ्या पृथ्वीचा. जगाचा भूगोल मराठी पदांतून, नाचत-गात सांगितला. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीस 1843 मध्ये झाले. त्याच्या पूर्वीच तंजावरात मराठी रंगभूमीवर देशोदेशींची नावे गाजत होती.

आणि वाचन. सरस्वतीमहाल नायक राजांच्या काळापासूनचा. त्यास आजचे वैभव दिले ते सरफोजींनी. 1820 मध्ये निघालेल्या काशीयात्रेतही त्यांनी हस्तलिखिते मिळविली आणि घाटांची चित्रे करविली. युरोपातून आणविलेले ग्रंथ चार हजारांवर भरतात, आणि अनेकांवर राजांची इंग्रजी सही आहे. संस्कृत हस्तलिखिते सुमारे 39,000, मराठी 3,000 हून अधिक. राजे 7 मार्च 1832 रोजी वारले. 1855 मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे पुत्रावाचून निवर्तताच राज्य खालसा झाले. खाजगी मालमत्तेसाठी राणीसाहेबांना प्रिव्ही कौन्सिलपर्यंत भांडावे लागले. त्या धामधुमीतून ग्रंथ वाचले. 1880 मध्ये बर्नेल यांची संस्कृत ग्रंथांची सूची प्रसिद्ध झाली आणि 1918 मध्ये राजघराण्याने संग्रह लोकांस खुला केला.

ही जिज्ञासा सरफोजींबरोबर संपली नाही. कुंभकोणम येथे 1828 मध्ये जन्मलेले राजा सर टी. माधवराव याच मद्रासच्या सरकारी हायस्कुलात शिकले. त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथील दिवाणगिरी उरकून ते मैलापुरास स्थायिक झाले आणि उतारवयात वाचन-लेखनात रमले. ‘नेटिव्ह थिंकर’ या नावाने त्यांनी 1889 मध्ये मुलांच्या संगोपनावर लिहिलेल्या पुस्तिकेचे मराठीतही भाषांतर झाले. मात्र ती मूळ इंग्रजीत लिहावी लागली आणि मराठीत भाषांतराने आली, हेही बोलके आहे.

कारण दक्षिणी मराठी घरांत बोलणे टिकले, वाचणे ओसरले. तंजावरी बोली ओसरीवर आणि स्वयंपाकघरात चालू राहिली. पत्रे तमिळ किंवा इंग्रजीत जाऊ लागली. त्याहून बोचणारी गोष्ट दरबारी दप्तराची. ते मोडीत आहे. वाड्यातील खर्च, छत्रांतील अन्नदान, नर्तकांचे वेतन, औषधांची खरेदी असा सगळा संसार त्या रुमालांत बांधलेला. तमिळ विद्यापीठाने 1989 मध्ये त्यांतील निवडक कागद तमिळ भाषांतरासह तीन खंडांत प्रसिद्ध केले. तमिळ विद्वानांनी हे काम केले याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे. परंतु परिणाम असा झाला, की मराठी राजाच्या घरचा जमाखर्च तमिळ वाचक सुखाने वाचतो, आणि मोडी न येणाऱ्या मराठी माणसास तो तमिळमधून समजून घ्यावा लागतो. चेन्नईत वाढलेल्या आपल्या मुलांना तमिळ उत्तम येते. ती निदान त्या वाटेने तेथवर पोहोचतील. पुण्याच्या मुलांना तीही सोय नाही!

पुस्तके नाहीत ही सबब मात्र चेन्नईकरांनी पुढे करू नये. एग्मूरचे कॉनेमारा ग्रंथालय 1896 पासून लोकांसाठी उघडे आहे, आणि 1954 च्या कायद्यान्वये देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत तेथे धाडणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे. त्यात मराठी पुस्तके आलीच. शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयातही मराठी हस्तलिखिते आहेत.

ज्यांना तंजावरास जाणे जमेल त्यांनी सरस्वतीमहाल पाहून झाल्यावर बृहदीश्वराच्या प्राकाराचा नैर्ऋत्य कोपरा चुकवू नये. तेथील भिंतीवर भोसले कुळाचे चरित्र कोरलेले आहे. सरफोजींच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीसांनी ते सिद्ध केले आणि 1803 च्या डिसेंबरात ते पुरे झाले. एवढा विस्तृत मराठी शिलालेख महाराष्ट्रातही नाही. राजराज चोळाच्या देवळात, तमिळ लेखांच्या शेजारी तो आहे, आणि तो मोडीत नसून देवनागरीत आहे. भाषा जुनी आहे, काही अक्षरे झिजली आहेत. पण मंडळाच्या वर्गात बाराखडी शिकलेले मूल बोट ठेवून त्यातील शहाजी, शिवाजी, एकोजी ही नावे लावू शकते.