परदेशी मदत आणि इंदूरच्या वस्त्यांतल्या संस्था : काय उरलं?

‘आपल्या भागाचा अलीकडचा इतिहास’ हा विषय बैठकीत ठरला, तेव्हा बहुतेकांनी होळकरांच्या काळातलं काही ना काही निवडलं. मी राजेंद्र नगरात राहणारा, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. वाडे आणि छत्र्या यांपेक्षा मला हिशेबाच्या वह्या जास्त कळतात. म्हणून जवळच्याच काळाबद्दल लिहितो आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इंदूरच्या गरीब वस्त्यांसाठी परदेशातून पैसा आला. त्याने इथल्या संस्था बळकट झाल्या का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. परदेशी पैसा येण्यापूर्वी इंदुरात संस्था नव्हत्या असं मुळीच नाही. कस्तुरबा ट्रस्टचं मुख्यालय आपल्या कस्तुरबाग्रामात आहे. शालिनीताई मोघे यांनी बालनिकेतन संघ उभा केला आणि १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाहेरचा तज्ज्ञ बोलावणं हेही नवं नाही. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ मध्ये होळकर दरबारासाठी इंदूरचा मोठा अहवाल लिहिला. प्लेगच्या भीतीने ग्रासलेल्या शहरात त्याने दिवाळीला मिरवणूक काढायचं ठरवलं, आणि जे रस्ते लोक झाडून स्वच्छ करतील तिथूनच ती जाईल असं जाहीर केलं, ही गोष्ट आजही सांगितली जाते. पैसा दरबारचा, तज्ज्ञ बाहेरचा, पण झाडू रहिवाशांच्या हातात. पुढचा सगळा इतिहास मला या तीन गोष्टींच्या हिशेबाने वाचावासा वाटतो.

पाइपांचा काळ

१९९० च्या सुमारास ब्रिटिश सरकारच्या परदेशी विकास मदतीतून इंदूर विकास प्राधिकरणाने वस्तीसुधाराचा मोठा प्रकल्प हाती घेतला. १८३ वस्त्या, सुमारे साडेचार लाख माणसं. अभियंता हिमांशू पारिख यांची कल्पना साधी होती. गरीब वस्त्या बहुधा नदी-नाल्यांच्या काठी, म्हणजे शहराचं पाणी जिथून उतरतं तिथेच वसतात. मग वस्तीला शहरापासून तोडून वेगळी सोय करण्यापेक्षा वस्त्यांमधूनच सांडपाण्याच्या लाइनी न्याव्यात. वस्तीही सुधारेल आणि खान व सरस्वती या नद्याही. घरोघरी संडास, रस्ते, नळ, दिवे. १९९८ साली या कामाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला.

पण कौतुकाबरोबर टीकाही झाली. गीता दिवाण वर्मा यांनी २००२ सालच्या ‘स्लमिंग इंडिया’ या पुस्तकात इंदूरच्या प्रकल्पाची कठोर झडती घेतली. लाइनी तुंबल्या, घाण वाहून जायला पुरेसं पाणी नव्हतं, देखभाल कोणी करायची ते ठरलेलं नव्हतं, हा त्यांचा मुद्दा. दोन्ही बाजू वाचल्यावर मला एक गोष्ट खटकली. प्रकल्पात आरोग्य आणि समाजविकास हे भागही होते. बालवाड्या, महिला मंडळं, वस्ती समित्या काढल्या होत्या. पण आराखडा आधी झाला आणि समित्या मागून आल्या. नकाशावर रेघ मारताना ज्याला विचारलं नाही, तो चेंबर तुंबल्यावर वर्गणी कशाला काढेल?

पारिख यांची हीच कल्पना पुढे अहमदाबादला गेली तेव्हा तिथे फरक केला गेला. ‘परिवर्तन’ योजनेत प्रत्येक कुटुंबाने दोन हजार रुपये भरायचे होते, आणि ‘सेवा’सारखी जुनी स्थानिक संघटना रहिवासी आणि महापालिका यांच्यामध्ये उभी होती. जे आपल्याकडे राहून गेलं ते तिथे आधी केलं. इंदूरने धडा दिला आणि अहमदाबादने तो घेतला, असं म्हणायला हरकत नाही.

वह्यांचा काळ

२००३ च्या सुमारास अमेरिकेच्या ‘यूएसएड’च्या मदतीचा शहरी आरोग्य कार्यक्रम इंदुरात आला. विषय बाळंतपण, नवजात बाळाची काळजी, लसीकरण. पण रीत वेगळी होती. दवाखाने बांधायचे नाहीत. शहरातल्या संस्थांना हाताशी धरायचं आणि त्यांनी वस्त्यांमध्ये बायकांचे गट बांधायचे. ‘क्षमतावर्धन’ हा शब्द मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. सुरुवातीला हसूच आलं. नंतर कळलं की त्याचा अर्थ अगदी घरगुती आहे : बैठकीचं इतिवृत्त लिहिता येणं, ठराव करता येणं, व्हाउचर जपून ठेवणं, आणि कोणत्या कामासाठी कोणत्या कार्यालयाच्या कोणत्या खिडकीवर जायचं ते ठाऊक असणं.

याच कामातून पुढे ‘अर्बन हेल्थ रिसोर्स सेंटर’ ही भारतीय संस्था झाली आणि तिने इंदूरच्या महिला गटांबरोबरचं काम चालू ठेवलं. गटांनी आपला निधी जमवून गरजेला एकमेकींना कर्ज दिलं. पाणी, नाली, दिवे यांसाठी महापालिकेकडे सगळ्यांच्या सह्यांचे लेखी अर्ज केले, आणि उत्तर आलं नाही तर न भांडता, न थकता पुन्हा केले.

त्या वर्षांत मीही एका छोट्या संस्थेचा हिशेब बघत असे. तिचं नाव इथे देत नाही. आमच्याकडे परदेशी पैसा थेट येत नसे. मोठ्या संस्थेला मिळायचा, तिच्याकडून थोडा आमच्याकडे झिरपायचा. मी दर शनिवारी वस्तीत जाऊन बायकांना रोजकीर्द शिकवायचो. जमा डावीकडे, खर्च उजवीकडे. पहिल्या दिवशी एक बाई म्हणाली, “काका, आपल्याकडे डावीकडे लिहायला आहेच काय?” सगळ्या हसल्या, मीही हसलो. दोन वर्षांनी तीच बाई माझी बेरीज तपासत होती, आणि एकदा तिने चूक काढलीसुद्धा.

नळ बंद झाला

२०१२ साली ब्रिटनने जाहीर केलं की भारताला दिलं जाणारं आर्थिक अनुदान २०१५ पर्यंत थांबेल. इकडे आपला कायदाही कडक होत गेला. परदेशी देणग्यांचा पहिला कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. तो जाऊन २०१० चा आला. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने तीन मोठे बदल केले. परदेशी पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायचा. त्यातला प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांऐवजी २० टक्क्यांच्या आत ठेवायचा. आणि एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला द्यायचाच नाही.

पारदर्शकतेसाठी हे हवं, असं सरकारचं म्हणणं. बँकेत आयुष्य गेल्यामुळे हिशेब चोख हवा हे मला पटतं. काही संस्थांचे हिशेब मी पाहिले आहेत, सगळेच साधुसंत नव्हते. पण आमच्यासारख्यांचा जीव त्या तिसऱ्या अटीत होता. शिवाय शिकवणाऱ्या माणसाचा पगार कागदावर ‘प्रशासकीय’ म्हणून पडला, तर क्षमता वाढवायची कोणी आणि कशाने? आमची संस्था २०२१ साली बंद झाली. टेबल-खुर्च्या एका बालवाडीला दिल्या, कपाट विकलं. शेवटचा ठराव मीच लिहिला. दोष एकट्या कायद्याला देणार नाही. वीस वर्षांत आम्ही शहरातून वर्गणी जमवायची सवय लावून घेतली नाही, ही चूक आमची. बाहेरचा पैसा वेळेवर येत होता तोवर राजेंद्र नगरातल्या दहा घरांचीही दारं आम्ही ठोठावली नाहीत.

गेल्या पावसाळ्यानंतर मी त्या वस्तीत सहज गेलो होतो. १९९० च्या दशकातल्या त्या लाइनीचं एक चेंबर गळत होतं. रोजकीर्दीतली चूक काढणारी ती बाई आता आजी झाली आहे. तिने पिशवीतून एक फाइल काढली. झोनल कार्यालयाला दिलेले अर्ज, तारखेप्रमाणे लावलेले, प्रत्येकावर आवक शाखेचा शिक्का आणि क्रमांक. म्हणाली, “काका, पावती घेतल्याशिवाय मी खिडकीवरून हलतच नाही. हा चौथा अर्ज. परवा माणसं येऊन बघून गेली.”

संस्था गेली, पैसा थांबला, पाइप जुने झाले. ती फाइल मात्र चालू आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या फाइलीत दिसतं : जी मदत नुसती जमिनीत गाडली तिला राखायला माणूस उरला नाही, आणि जी माणसाच्या हाताला वळण लावून गेली ती देणारा गेल्यावरही कामाला येते.

मंडळाला एक विनंती आहे. अशा फाइली आणि रोजकीर्दी आपल्या शहरात घरोघरी पडल्या आहेत, आणि दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. आमच्या संस्थेच्या सात वह्या मी मंडळाकडे जमा करतो आहे. तुमच्याकडे असतील तर त्याही आणा. होळकरांची मोडी दफ्तरं आपण जपतो, तशी हीही जपायला हवीत.