गरोदरपणातील वजनवाढ आणि नवजात बाळाचे वजन

गरोदरपणात स्त्रीचे वजन किती वाढावे, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. गर्भधारणेच्या वेळी तिचे वजन आणि उंची किती होती, यावर ते अवलंबून असते. भारतात या प्रश्नाला दुहेरी महत्त्व आहे. एकीकडे असंख्य स्त्रिया मुळातच कृश असताना गरोदर राहतात आणि पुढील नऊ महिन्यांतही त्यांचे वजन पुरेसे वाढत नाही. दुसरीकडे, जादा वजन आणि मधुमेह असलेल्या मातांची समस्याही मोठी होत आहे. या दोन्ही परिस्थितींचा परिणाम नवजात बाळाच्या वजनावर आणि पुढील आयुष्यातील त्याच्या आरोग्यावर होतो.

जन्माच्या वेळी २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेल्या बाळाला जागतिक आरोग्य संघटना 'कमी जन्मवजनाचे बाळ' मानते. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, ज्यांच्या वजनाची नोंद झाली होती अशा बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे या गटात मोडत होती. अशा बाळांना जंतुसंसर्ग, शरीराचे तापमान घटणे आणि नवजात अवस्थेतील मृत्यू यांचा धोका अधिक असतो. मात्र कमी वजनाची कारणे दोन असू शकतात. बाळ दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले असते, किंवा दिवस पूर्ण भरूनही गर्भाशयात त्याची वाढ खुंटलेली असते. मातेच्या वजनवाढीचा संबंध या दोन्हींशी आहे.

वाढलेले वजन कोठे जाते?

निरोगी स्त्रीच्या गरोदरपणातील सरासरी वाढ साडेबारा किलो धरली, तर तिचा ढोबळ हिशेब असा मांडला जातो : बाळ सुमारे ३.४ किलो, वार साडेसहाशे ग्रॅम, गर्भजल आठशे ग्रॅम, वाढलेले गर्भाशय एक किलो, स्तनांची वाढ चारशे ग्रॅम, वाढलेले रक्त दीड किलो, ऊतींमधील जादा पाणी दीड किलो आणि उरलेली सुमारे ३.३ किलो चरबी. ही चरबी निरर्थक नसते. गर्भाची गरज सर्वाधिक असते त्या अखेरच्या महिन्यांसाठी आणि प्रसूतीनंतर दूध तयार होण्यासाठी शरीराने केलेली ती तरतूद असते.

या हिशेबावरून आणखी एक बाब स्पष्ट होते. एखाद्या स्त्रीचे वजन संपूर्ण गरोदरपणात सहा-सात किलोच वाढले, तर त्यात बाळ, वार, गर्भजल, गर्भाशय आणि रक्त यांचाच जेमतेम निभाव लागतो. चरबीच्या साठ्यासाठी काही उरत नाही. मूळची सुदृढ स्त्री ही तूट स्वतःच्या साठ्यातून भरून काढू शकते. मूळची कृश स्त्री ती भरून काढू शकत नाही आणि त्याची झळ बाळाला बसते.

किती वाढ योग्य?

जगभर सर्वाधिक आधार घेतला जातो तो अमेरिकेतील 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन'ने २००९ मध्ये दिलेल्या शिफारशींचा. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, हा त्यांचा पाया आहे. गरोदरपणापूर्वी बीएमआय १८.५ पेक्षा कमी असल्यास १२.५ ते १८ किलो, १८.५ ते २४.९ असल्यास ११.५ ते १६ किलो, २५ ते २९.९ असल्यास ७ ते ११.५ किलो आणि ३० किंवा त्याहून अधिक असल्यास ५ ते ९ किलो वाढ योग्य मानली जाते. पहिल्या तीन महिन्यांत एकूण अर्धा ते दोन किलो वाढ अपेक्षित असते. त्यानंतर मध्यम वजनाच्या स्त्रीचे वजन आठवड्याला साधारण चारशे ग्रॅमने वाढावे, असे अपेक्षित आहे. जुळ्यांच्या गरोदरपणासाठी मर्यादा वेगळ्या आहेत.

उदाहरणार्थ, १५० सेंटिमीटर उंचीच्या आणि ४० किलो वजनाच्या स्त्रीचा बीएमआय १८ पेक्षाही कमी भरतो. तिचे वजन किमान साडेबारा किलो वाढणे इष्ट आहे. १५५ सेंटिमीटर उंचीच्या आणि ६५ किलो वजनाच्या स्त्रीचा बीएमआय २७ येतो. तिच्यासाठी मात्र साडेअकरा किलो ही वरची मर्यादा ठरते. भारतीयांमध्ये तुलनेने कमी बीएमआय असतानाही मधुमेहाचा धोका वाढत असल्याने येथील अनेक डॉक्टर २३ पासूनच जादा वजन मानतात.

भारतीय स्त्रिया मुळात लहान चणीच्या असल्याने असे निकष त्यांना लागू करू नयेत, असा युक्तिवाद केला जातो. त्याबाबत 'इंटरग्रोथ-२१' हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प उद्बोधक आहे. आठ देशांत झालेल्या या अभ्यासाचे भारतातील केंद्र नागपूर होते. निरोगी, सुपोषित आणि योग्य वैद्यकीय देखरेख मिळालेल्या स्त्रियांची त्यासाठी निवड करण्यात आली. अशा परिस्थितीत वेगवेगळ्या देशांतील गर्भांची वाढ बहुतांशी सारखी आढळली. अभ्यासातील मध्यम वजनाच्या स्त्रियांची चाळिसाव्या आठवड्यापर्यंतची सरासरी वजनवाढ १३.७ किलो होती.

भारतातील वास्तव

डायान कॉफी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून वेगळे चित्र पुढे आले. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे त्यांनी काढलेल्या अनुमानानुसार, गरोदर राहणाऱ्या भारतीय स्त्रियांपैकी सुमारे ४२ टक्के स्त्रियांचे वजन आधीपासूनच कमी होते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत, जेथे दारिद्र्य भारताहून तीव्र आहे, हेच प्रमाण सुमारे साडेसोळा टक्के होते. गरोदरपणात भारतीय स्त्रियांचे वजन सरासरी सातच किलोंनी वाढत होते.

त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे. पाचव्या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील कृश स्त्रियांचे प्रमाण १८.७ टक्क्यांपर्यंत खाली आले. परंतु सर्व स्त्रियांच्या सरासरीत नवविवाहित तरुणींची स्थिती झाकली जाते. भारतात पहिले मूल बहुधा कमी वयात होते. घरात नव्याने आलेल्या सुनेने सर्वांचे झाल्यावर उरलेले जेवावे आणि दिवसभर राबावे, ही रीत अनेक कुटुंबांत अद्याप टिकून आहे. तिच्या शरीराला सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच काळात तिच्या ताटात सर्वांत कमी पडते. त्यात रक्तक्षयाची भर पडते. याच सर्वेक्षणात ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या.

प्रचलित समजही मारक ठरतात. 'दोन जिवांची आहे, दुप्पट खाल्ले पाहिजे' हा एक समज, तर 'जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल आणि बाळंतपण अवघड जाईल' हा त्याच्या उलट टोकाचा. दुसऱ्या समजापायी मुळात अशक्त असलेल्या स्त्रियाही अखेरच्या महिन्यांत जेवण कमी करतात. या काळात गर्भाचे वजन सर्वाधिक वेगाने वाढत असते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या दुष्काळाने हे दाखवून दिले. अखेरच्या तिमाहीत उपासमार सोसलेल्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे तीनशे ग्रॅमने घटले होते.

वजनापलीकडचे मोजमाप

जन्मवजनाचा आकडा सर्व काही सांगत नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासातील मातांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. दिवस भरून जन्मलेल्या त्यांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे वजन साडेतीन किलो होते. या तुलनेत ग्रामीण बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते, मात्र त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, पण चरबीचे प्रमाण अधिक, अशा या शरीररचनेचा संबंध प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहाशी जोडला जातो. गर्भावस्थेतील कुपोषण आणि पुढील आयुष्यातील हृदयविकार यांचा दुवा ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी त्यापूर्वीच दाखवला होता.

याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष निघाला. आहारातील एकूण उष्मांकांपेक्षा दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे यांच्या सेवनाशी बाळाच्या आकाराचा संबंध अधिक स्पष्ट होता. कष्टाची कामे अधिक करणाऱ्या मातांची बाळे लहान आढळली. मुंबईत १,२१७ स्त्रियांच्या पाहणीत, मिश्रीसारख्या धूरविरहित तंबाखूचे सेवन करणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले.

जादा वाढीचे धोके

वजन अधिक वाढले की बाळ अधिक सुदृढ, असाही अर्थ होत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तेरा लाखांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या माहितीच्या एकत्रित विश्लेषणात, शिफारशीपेक्षा कमी वजन वाढलेल्या गटात अकाली प्रसूती आणि गर्भवयाच्या मानाने लहान बाळे अधिक आढळली. शिफारशीपेक्षा अधिक वाढलेल्या गटात चार किलोंहून जास्त वजनाची बाळे आणि सिझेरियन शस्त्रक्रिया यांचे प्रमाण अधिक होते. बाळ फार मोठे असल्यास प्रसूतीच्या वेळी त्याचे खांदे अडकण्याचा धोका असतो.

गरोदरपणातील मधुमेह हे यामागील एक प्रमुख कारण आहे. मातेच्या रक्तातील जादा साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते, मातेचे इन्सुलिन मात्र पोहोचत नाही. त्यामुळे बाळाचे स्वादुपिंड स्वतः अधिक इन्सुलिन तयार करते आणि बाळाच्या शरीरात चरबी साठते. जन्मानंतर मातेकडून येणारी साखर थांबते, पण इन्सुलिन वाढलेलेच असल्याने बाळाच्या रक्तातील साखर एकाएकी घटू शकते. म्हणूनच गरोदरपणात साखरेची तपासणी आवश्यक मानली जाते.

अचानक झालेली वाढही दुर्लक्षून चालत नाही. एका आठवड्यात एक किलोहून अधिक वजन वाढणे, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

उपाय कधीपासून?

मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये २००६ पासून झालेल्या प्रयोगात स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून बनवलेला खाऊ दररोज देण्यात आला. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांना गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने हा खाऊ मिळाला होता, त्यांच्या बाळांचे वजन मात्र सरासरी ४८ ग्रॅमने अधिक होते. हा लाभही अतिकृश मातांना फारसा झाला नाही. बाळाच्या वाढीची पूर्वतयारी मुलीच्या किशोरवयापासून, विवाहापूर्वी आणि दोन बाळंतपणांमधील काळात व्हावी लागते, असे यावरून म्हणता येते.

गर्भधारणेनंतरचे उपायही तितकेच मोलाचे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार गरोदर स्त्रीला नेहमीपेक्षा दररोज सुमारे ३५० अतिरिक्त उष्मांक लागतात. म्हणजे जेवण दुप्पट करण्याची गरज नसते. भाकरी किंवा पोळीसोबत एक वाटी डाळ किंवा उसळ, पालेभाजी, दूध, फळ आणि चालत असल्यास अंडे, अशी भर पुरते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार गरोदर स्त्रीला अंगणवाडीतून ६०० उष्मांकांचा आहार मोफत मिळण्याचा हक्क आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये दिले जातात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत तपासणी होते. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना शिजवलेले ताजे जेवण पुरवले जाते.

या सर्वांची सुरुवात एका साध्या नोंदीपासून होते. पहिल्या तीन महिन्यांत वजन आणि उंची मोजली गेली नाही, तर पुढील वाढ पुरेशी आहे की नाही, हे ठरवण्यास आधारच राहत नाही. पाचव्या किंवा सहाव्या महिन्यात प्रथमच नाव नोंदवणाऱ्या स्त्रीबाबत ही संधी हुकलेली असते. पाळी चुकताच नोंदणी, प्रत्येक तपासणीत त्याच काट्यावर वजन आणि त्याची कार्डावर नोंद, एवढे झाले तरी धोक्यातील माता वेळीच ओळखता येते. तरीही बाळ कमी वजनाचे जन्मले, तर त्याला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणे आणि पहिल्या तासापासून केवळ स्तनपान देणे, या बिनखर्ची उपायांनी त्याची जगण्याची शक्यता वाढते.