शितोळे (अंकलीकर) घराणे

ग्वाल्हेर संस्थानातील मातब्बर मराठे सरदार व जहागीरदार. मूळचे पुणे प्रांताचे देशमुख. ‘राजराजेंद्र’ हा किताब, व बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी तालुक्यातील अंकली गावावरून ‘अंकलीकर’ हे उपपद.

ग्वाल्हेरचे महादजी शिंदे यांस औरस पुत्र नसल्यामुळे त्यांची कन्या बाळाबाई हिचे पती लाडोजी शितोळे देशमुख यांचे वजन दरबारी सहजच वाढले, आणि मोगल पातशाहीचा कारभार महादजींच्या हाती येताच दिल्लीच्या बंदोबस्तावर शहा निजामुद्दीनच्या जोडीने लाडोजींची नेमणूक झाली. १७८७ मध्ये लालसोटच्या संग्रामानंतर शिंद्यांची फौज मागे हटली, ती संधी साधून गुलाम कादर रोहिला शहादऱ्यास येऊन ठाकला. त्याच्यावर यमुनापार धाडलेली तुकडी मोडली व लाडोजी आणि शहा निजामुद्दीन या दोघांनाही दिल्ली सोडावी लागली. पुढल्याच वर्षी, १० ऑगस्ट १७८८ रोजी, त्या रोहिल्याने शहा आलम पातशहाचे डोळे काढले. या पलायनाचा ठपका लाडोजींवर ठेवण्यात येतो. परंतु पाठीशी पुरेशी फौज नसता राजधानी राखणे कोणासही दुष्कर होते, हे त्यांच्या टीकाकारांनी ध्यानी घेतलेले दिसत नाही.

बाळाबाईची योग्यता पतीहून अधिक मानावी लागते. पातशहा तिला कन्येसमान लेखीत असे, अशी परंपरा आहे. दुआबात मेरठच्या बाजूस तिची स्वतंत्र जहागीर होती. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी अंजनगावच्या तहाने महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांनी दुआब सोडला, तरी ही जहागीर तिच्याकडे चालू राहिली व तिच्या पश्चात ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील ‘बाळाबाई का बाजार’ ही पेठ तिच्याच नावाची.

घराण्याची संस्थानातील मुख्य जहागीर पोहरी (हल्ली जि. शिवपुरी).

या घराण्याची खरी कीर्ती मात्र पंढरीच्या वाटेवर आहे. शिंद्यांच्या पदरी चाकरी केलेले आरफळचे (जि. सातारा) हैबतबाबा पवार आळंदीस येऊन राहिले व १८३२ च्या सुमारास त्यांनी ज्ञानेश्वरमहाराजांच्या पादुकांचा स्वतंत्र पालखीसोहळा लष्करी शिस्तीने उभा केला, तेव्हा अंकलीच्या शितोळ्यांनी अश्व, तंबू व नैवेद्य ही सेवा पत्करली. अश्व दोन: एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, आणि दुसरा, खोगीर चढवून सजविलेला, परंतु पाठीवर कोणीही न बसलेला, तो माउलींचा. रिंगणात हा रिकाम्या पाठीचा घोडा स्वाराच्या घोड्यामागून दौडत त्यास गाठतो, आणि त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यास वारकऱ्यांची झुंबड उडते. मनसबी, किताब व तहनामे यांपेक्षा ही सेवा इतिहासात अधिक मोलाची गणली पाहिजे, कारण तिच्यामागे कोणत्याही सरकारची सनद नसून केवळ कुळाची निष्ठा आहे.

ग्वाल्हेर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले व १९५१ च्या जहागीर निर्मूलन कायद्याने पोहरीचा अधिकार संपला. पालखीचे अश्व आजही प्रतिवर्षी प्रस्थानापूर्वी अंकलीहून पायी मजला करीत आळंदीस येतात.