वऱ्हाडी रस्सा व सांबार

अमरावती-अकोल्याकडील मटणाचा झणझणीत रस्सा अतिप्राचीन होय, असें पुष्कळांचें मत आहे. आम्हांस तें ग्राह्य वाटत नाहीं. मिरची अमेरिकेंतली, ती १६ व्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. तत्पूर्वीं तिखटपणा मिरें, पिंपळी व आलें यांचाच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, २७ व्या अध्यायांत, मेंढ्याचें मांस मधुर, शीत, गुरु व बृंहण म्हटलें आहे. तेथेंच हरितवर्गांत आलें दीपन आणि धान्यक रोचन व सुगंधी सांगितलें आहे. धान्यक म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडांत तिलाच ‘सांबार’ म्हणतात. तेव्हां रश्श्याचें प्राचीनत्व शोधावयाचें तें लाल तिखटांत नव्हे, हिरव्या सांबारांत. मांसापासून प्रथिनें व लोह मिळतें, सांबारापासून ‘क’ जीवनसत्त्व. परंतु तें उष्णतेनें नाश पावतें. म्हणून रस्सा उतरवितांना सांबार घालण्याची गृहिणींची रीत शास्त्रशुद्धच होय.