पुसलं म्हणजे संपलं?

परवा ऑफिसातल्या लिनक्स संगणकावर एक फाइल काही केल्या डिलीट होईना. रूट, म्हणजे सर्वाधिकारी होऊन हुकूम सोडला, तरी उत्तर एकच: परवानगी नाही! वैतागलो. मग मागचा इतिहास वाचला आणि वाटलं, हे तर आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून युनिक्स घडवली. 1971 च्या तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत फाइल काढण्याच्या क्रियेचं नाव आहे 'अनलिंक'. म्हणजे पुसणं नव्हे, नातं तोडणं. नाव राहतं डिरेक्टरीत, मजकुराचा पत्ता आय-नोड नावाच्या नोंदीत. एका मजकुराला दोन-तीन नावं असू शकतात. शेवटचं नाव जाईपर्यंत तो जिवंत. एखाद्या प्रोग्रॅमने फाइल उघडून धरली असेल, तर नाव गेल्यावरही ती डिस्कवर जागा अडवून बसते.

दुसरी गंमत बघा. फाइल काढायला त्या फाइलवर नाही, ती ठेवलेल्या डिरेक्टरीवर हक्क लागतो. कागद तुमचा, पण कपाट ज्याच्या ताब्यात तो फेकणार! सामायिक डिरेक्टरीत याची पंचाईत व्हायची. म्हणून 1986 च्या 4.3 बीएसडीने 'स्टिकी बिट' वापरून इतरांना तुमची फाइल काढायला मनाई केली.

लिनक्स आली 1991 मध्ये. रेमी कार्ड यांच्या ईएक्सटी-2 फाइलव्यवस्थेत 'इम्यूटेबल' खूण आली. ती असेपर्यंत रूटचंही चालत नाही. आधी खूण काढायची, मगच फाइल. माझ्या फाइलवर नेमकी तीच होती.

हे सगळं सांगतोय कशासाठी? 1986 मध्ये इराण-काँट्रा प्रकरणात व्हाइट हाउसमधल्या ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइंडेक्स्टर यांनी संगणकावरचे निरोप पुसले. यंत्रणा आयबीएमची होती, युनिक्स नव्हे. पण धडा तोच. बॅकअपच्या टेपवर निरोप शिल्लक होते, तेच चौकशीत पुढे आले.

म्हणून उद्या एखाद्या कार्यालयाने "फाइल डिलीट झाली हो" म्हटलं, तर मान डोलावून परत फिरू नका. विचारा: नाव गेलं की मजकूर? दुसरी प्रत कुठे आहे? बॅकअप कधीचा? आणि कपाटाची किल्ली कुणाकडे होती?

फाइल आपोआप डिलीट होत नाही. कुणीतरी हुकूम दिलेला असतो.