द ग्रेट गॅट्सबी

'द ग्रेट गॅट्सबी' ही एफ. स्कॉट फिट्झगेराल्ड या अमेरिकन लेखकाची इंग्रजी कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी न्यू यॉर्क येथे प्रसिद्ध झाली. पहिल्या महायुद्धानंतरच्या सुबत्तेत आणि दारूबंदीच्या काळात एका तरुणाच्या स्वप्नाचा झालेला ऱ्हास हा तिचा विषय आहे.

कथानक

१९२२ च्या उन्हाळ्यात निक कॅरवे हा तरुण रोख्यांचा व्यवसाय शिकण्यासाठी न्यू यॉर्कला येतो व लाँग आयलंडवरील वेस्ट एग या वसाहतीत राहू लागतो. कथेचा निवेदकही तोच आहे. शेजारच्या प्रासादात जे गॅट्सबी मोठमोठ्या मेजवान्या देतो. पलीकडच्या तीरावर निकची नातलग डेझी आणि तिचा पती टॉम ब्यूकॅनन राहतात. १९१७ साली सैन्याधिकारी असताना गॅट्सबीचे डेझीवर प्रेम जडले होते. तो युरोपातून परतण्यापूर्वीच तिने धनाढ्य टॉमशी विवाह केला. तिला परत मिळवण्यासाठीच हे सारे वैभव उभारलेले असते. पुढे गॅट्सबीची मोटार डेझी चालवत असताना टॉमची प्रेयसी मर्टल तिच्याखाली सापडून मरण पावते. गॅट्सबी दोष स्वतःवर घेण्यास तयार होतो. टॉमकडून मोटारीच्या मालकाचे नाव कळताच मर्टलचा पती जॉर्ज विल्सन गॅट्सबीला गोळी घालतो आणि आत्महत्या करतो.

स्वप्न आणि संपत्ती

गॅट्सबीचे मूळ नाव जेम्स गॅट्झ. नॉर्थ डाकोटातील गरीब शेतकरी कुटुंबातील या मुलाने एका पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर १९०६ साली स्वतःचे वेळापत्रक लिहिले होते: व्यायाम, विजेचा अभ्यास, वक्तृत्वाचा सराव. बचतीचा आकडा आठवड्याला पाच डॉलर लिहून खोडला होता व तीन केला होता. हे स्वप्न डेझीच्या आधीचे आहे आणि निष्कलंक आहे. पुढे डॅन कोडी या धनिकाने मृत्युपत्रात ठेवलेले २५,००० डॉलरही कायद्याच्या डावपेचांमुळे त्याच्या हाती आले नाहीत. डेझीला त्याने आपण तिच्याच वर्गातले आहोत असे भासवले. म्हणजे असत्य आधी आले, पैसा नंतर. ते असत्य खरे करण्यासाठी त्याने मेयर वुल्फशाइम या जुगाऱ्याची साथ धरली आणि चोरट्या मद्यविक्रीतून संपत्ती मिळवली.

मात्र ज्या व्यक्तीसाठी हे केले, तिचे मोलही त्याच मापाने ठरलेले असते. डेझीच्या आवाजातील मोहिनी पैशाची आहे, हे गॅट्सबी स्वतःच ओळखतो. त्याच्या उंची सदऱ्यांच्या ढिगात तोंड लपवून ती रडते, तेव्हा ती गेलेल्या वर्षांसाठी रडते की सदऱ्यांसाठी, हे कादंबरी सांगत नाही. तिच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा ती शेजारी येताच त्याच्या लेखी पुन्हा साधा दिवा होतो.

'पैसा माणसाला बिघडवतो' एवढाच अर्थ अभ्यासपुस्तिकांत दिला जातो, तो अपुरा आहे. वडिलोपार्जित धनाच्या आश्रयाने टॉम व डेझी सहीसलामत निघून जातात. मरतात ते गॅट्सबी, मर्टल आणि राखेच्या ढिगांलगत गॅरेज चालवणारा विल्सन. मेजवान्यांना शेकडो पाहुणे येत. अंत्यविधीला मोजकीच माणसे येतात. वृद्ध पिता मात्र मुलाचे ते जुने वेळापत्रक निकला अभिमानाने दाखवतो.

स्वागत

पहिल्या आवृत्तीची विक्री लेखकाला निराश करणारी ठरली. १९४० साली फिट्झगेराल्ड यांचे निधन झाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना या कादंबरीच्या सुमारे दीड लाख प्रती वाटण्यात आल्या. त्यानंतर तिचा वाचकवर्ग वाढत गेला. बाझ लुरमन दिग्दर्शित २०१३ च्या चित्रपटात वुल्फशाइमची छोटी भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली आहे.